शिक्क्याचं दार

घर घ्यायचं म्हटलं की माणसं काय काय बघतात! आडाचं पाणी गोडं आहे का, दार कुठल्या दिशेला आहे, तुळयांना वाळवी लागली आहे का, शेजारीण भांडकुदळ आहे का. निजामाच्या अमलात आमच्या कसब्यात तर याहून पुढची रीत होती. घर घेणाऱ्यानं एक रात्र त्या घरात झोपायचं आणि सकाळी पंचांना स्वप्न सांगायचं. स्वप्नात पाणी दिसलं तर सौदा पक्का, रेडा दिसला तर इसार परत. मात्र या घराची घरपट्टी भरलेली आहे की नाही, हे विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. पट्टी मालकाची असते, मालक गेला की तीही त्याच्याबरोबर जाते, अशी सगळ्यांची समजूत होती.

गेल्या महिन्यात आमच्या जावयांनी घर घ्यायचं काढलं. मी पहिल्याच वाक्याला विचारलं, "जावईबापू, मागची बाकी बघितली का?" ते हसले. म्हणाले, "मामंजी, कचेरी सोडून इतकी वर्षं झाली, पण कचेरी काही तुम्हाला सोडत नाही." कचेरीत मी बावीस वर्षं नकलनवीस होतो, म्हणजे हुकमांच्या नकला करत होतो. पण हा धडा मला कचेरीनं दिलेला नाही. तो लिंबाजी कासारांनी दिला, आणि त्याची फी त्यांनीच भरली.

लिंबाजी कासारांना सगळा गाव मामा म्हणायचा. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा तर माणसानं मामाच व्हायला हवं, दुसरं कोण होणार? बुटका बांधा, डोक्याला गुलाबी पटका, खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि चालणं असं जपून, की त्यांच्या पाठीवर झोपलेलं मूलही जागं झालं नसतं. काचेच्या बांगड्या विकत, आणि लाखेच्या घरी करून विकत. नारायणगडची जत्रा असो की कपिलधारची, मामांचं दुकान ठरल्या जागी मांडलेलं असायचंच. बाईच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. बाया त्यांना मनगटावरून माहीत. आमच्या मंडळींना ते बारा वर्षं बांगड्या भरत होते, पण रस्त्यात भेटल्या असत्या तर ओळखलं नसतं. एकदा मात्र मला वाटेत थांबवून म्हणाले, "मुनशीजी, तुमच्या घरचं मनगट लई उतरलंय. जेवत न्हाईत का काय?" मी घरी जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की बाईसाहेब दोन महिने उपास धरून बसल्या होत्या. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

कासाराच्या तोंडी 'फुटली' हा शब्द येत नाही. बांगडी 'वाढली' म्हणायचं. मामांनी हा नियम बांगडीपुरता ठेवला नव्हता. त्यांच्या घरात मडकी वाढत, आरसे वाढत. पावसाळ्यात कचेरीची मागची भिंत पडली, तेव्हा "कचेरीची भिंत वाढली" म्हणून त्यांनी बाजारात सांगितलं, आणि अर्धा बाजार नवं बांधकाम बघायला आला.

असा हा माणूस मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहायचा. बाप तिथंच राहिला, हेही तिथंच वाढले. ओवरीला दार नव्हतं, पुढं गोणपाट टांगलेलं असायचं. मामांच्या थोरल्या बहिणीची पाठवणी त्या गोणपाटाखालून झाली. सासरच्यांनी तिला जन्मभर 'गोणपाटाखालची' म्हणून हाक मारली. ती बिचारी गेली, तेव्हा तिसऱ्याच्या जेवणाला बसलेले लोकही तेच नाव घेत होते. मामा ते ऐकून आले आणि त्यांनी आपल्या एकुलत्या एक लेकीला, कौसाला, समोर बसवून सांगितलं, "तुजी पाठवणी सोताच्या दारातून करीन. दारात हुबा ऱ्हाईन आन् मंग तुला धाडीन." कौसा तेव्हा परकर नेसत होती. तिनं मान हलवली आणि खेळायला गेली. मामा मात्र त्या दिवसापासून दार शोधायला लागले. मी मुद्दाम दार म्हणतोय. घर त्यांना दाराच्या मागं आपोआप येणारी वस्तू वाटायची.

आमच्या गल्लीत माझ्या समोरच गुलाबराव नावाच्या गृहस्थांचं घर होतं. मातीचं धाब्याचं घर, पुढं अंगण, अंगणाला पुरुष-दीड पुरुष उंचीची भिंत आणि भिंतीत एकच दार. पण काय दार! सागवानी, पितळी फुल्यांचं, चौकटीवर कोरलेली वेल. गुलाबरावांनी सगळी मिळकत त्या दारात घातली आणि घरपट्टी एकाही वर्षी भरली नाही. शेवटी कचेरीनं जप्ती आणली, दाराला कुलूप घातलं आणि कुलपावर लाखेचा शिक्का मारला. गुलाबराव त्याच धसक्यानं वारले. मागं राहिला एक पुतण्या. तो मामांना शिडी लावून, भिंतीवरून आत घेऊन गेला आणि घर दाखवलं.

मामांनी विचारलं, "दार बंद कावून हाय?"

पुतण्या म्हणाला, "सरकारी शिक्का हाय, मामा. असा शिक्का कसब्यात दुसऱ्या कुणाच्या दारावर हाय का, तुमीच सांगा."

दुसऱ्या कुणाच्या दारावर नव्हता, हे खरंच होतं. आता कुणी म्हणेल, माणूस इतका भोळा कसा? पण मामा भोळे नव्हते. त्यांचा हिशोब त्यांच्या धंद्यातला होता. बांगड्यांच्या पेट्या उत्तरेकडून आगगाडीनं जालन्याला यायच्या आणि तिथून बैलगाडीनं आमच्याकडे. पेटीवर लाखेचा शिक्का शाबूत असेल तर आतली एकही बांगडी वाढलेली नाही, हे तीस वर्षं त्यांनी डोळे मिटून मानलं होतं. शिक्का शाबूत तर माल शाबूत. मग ज्या दारावर खुद्द सरकारचा शिक्का आहे, त्या घराला काय धाड भरली आहे? त्यांनी ठरलेल्या रकमेच्या वर आणखी थोडे दिले, शिक्क्याचे म्हणून.

आणि साक्षीला मी होतो. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. पंच बसले होते, कागद झाला, मामा माझ्याकडे बघून छाती काढून म्हणाले, "शिक्क्याचं दार हाय, मुनशीजी!" मला वाटलं, मामा थट्टा करतायत. बाकीमुळे घर स्वस्तात मिळालं असेल आणि ते त्यांना पुरतं माहीत असेल. मी खदखदून हसलो. माझं हसणं त्यांनी अभिनंदन म्हणून घेतलं. विचारलं नाही ते सांगायचं नाही, हा कचेरीचा पहिला धडा, आणि मी तो सहीसकट न चुकता गिरवून दिला.

पुतण्या दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेला. मामांच्या कुटुंबानं, सरूबाईंनी, शिक्क्याला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. मंगळवारी, शुक्रवारी फूल वाहायच्या. एक दिवस कचेरीचा चपराशी शिक्का बघायला आला, तर शिक्क्यापुढं उदबत्ती जळत होती. त्यानं गल्ली डोक्यावर घेतली आणि मामांच्या हातात जप्तीची नक्कल देऊन गेला. मामा ती घेऊन माझ्याकडे आले.

"वाचा, मुनशीजी. आमाला उर्दू येत न्हाई."

मी वाचली. अक्षर माझंच होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी मीच ती नक्कल केली होती. घरावर अकरा वर्षांची पट्टी थकली आहे, ती वसूल होईपर्यंत दार बंद राहील, घर कुणाकडंही गेलं तरी बाकी घरावरच राहील. हे सगळं मी मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, "मंग तुमी त्या दिशी हसलता कावून?"

"मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय."

"दाराची थट्टा करीन व्हय मी?"

एवढंच बोलले. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा पैसे कनवटीला लावून कचेरीत आले. घर गेलं नाही, फक्त मागचं भरायचं आहे, तर भरू, अशी त्यांची तयारी होती. सरूबाईंच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडून आणली होती. पेशकार साहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, गादीवर बसले होते. माणूस वाईट नव्हता. पान उत्तम लावायचा आणि कायद्यावर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम होतं.

"पैसे ठेव उचलून, लिंबाजी," पेशकार म्हणाले. "घर किसके नाम पे है?"

"गुलाबरावांच्या. पन आता म्या घेतलं ना."

"तो फिर नाव चढव आपलं. तुझं नाव चढलं की तू भर."

"मंग चढवा."

"कसं चढवू? बाकी असताना नाव बदलत न्हाई. पहले बाकी साफ."

"मंग घ्या की पैसे!"

"तुझे कसे घेऊ? तू कोन? ज्याच्या नावावर घर, त्यानंच भरायचं."

"साहेब, गुलाबराव मेले."

पेशकारांनी दप्तर चाळलं. "कचेरीत तशी खबर न्हाई. कळवलं का?"

"कुनी?"

"त्यांनी."

मामा वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून नक्कल करत राहिलो. पुतण्यानं येऊन वारस म्हणून सांगितलं असतं तर गाडं पुढं सरकलं असतं. पण त्याला शोधायला मामा तीन गावं हिंडले आणि प्रत्येक ठिकाणी तो कालच पुढं गेलेला होता. मयतानं स्वतः अर्ज करावा, या मुद्द्यावर ते प्रकरण जे बसलं, ते पाच वर्षं तिथून उठलं नाही.

ही पाच वर्षं मामांचं बिऱ्हाड भिंतीवरून ये-जा करत होतं. एक शिडी बाहेर, एक शिडी आत. बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन मामा भिंत चढायचे आणि पाच वर्षांत एक बांगडी वाढली नाही. जत्रेला निघाले की कौसा भिंतीवर बसून माळ हातात द्यायची. गिऱ्हाईक बाया यायच्या, त्यांच्यासाठी मामांनी शिडीच्या पायऱ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि नियम केला होता, की बाईमाणूस शिडीवर असलं की गल्लीतल्या पुरुषांनी पिंपळाकडे तोंड करून उभं राहायचं. सरूबाई आतून "चढली गं बया!" म्हणून ओरडायच्या आणि गल्ली पाठमोरी व्हायची. एकदा एक परगावचा व्यापारी वाट विचारायला आला. दहा-बारा बाप्ये पिंपळाकडे तोंड करून मुकाट उभे. त्यालाही काही सुचेना. तोही पिंपळाला हात जोडून उभा राहिला आणि नंतर विचारत होता, की हा कुठला देव.

पाटलीणबाईंची गोष्ट तर अजून निघते. त्या अंगानं भारदस्त. लेकाच्या लग्नाचा चुडा भरायला आल्या, भिंतीपर्यंत चढल्या आणि तिथं बसल्या. खाली बघून डोळे फिरले. ना आत उतरवेना, ना बाहेर. मामा आतल्या शिडीवर चढले आणि खाली मान घालून म्हणाले, "आक्का, हात द्या. हितंच भरू." भिंतीवर बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत भरून दिले. पाटलीणबाईंनी रिवाजाप्रमाणे मामांना वाकून नमस्कार करायला बघितलं, तेव्हा मात्र गल्ली पिंपळाकडचं तोंड सोडून धावली. त्यांना उतरवायला चौघे लागले. पण वरून बाजार फार छान दिसतो, असं त्यांनी चारचौघींत सांगितलं. पुढं कितीतरी बाया आत उतरायचं नावच घेईनात. "मामा, आमालाबी भितीवरच भरा."

उन्हाळ्यात वेगळाच घोर. आमच्याकडचं ऊन म्हणजे लाखेला घाम फुटायचा. शिक्का मऊ होऊन खाली ओघळायला लागे. मग दुपारच्याला मामा शेगडी, निखारे आणि आपली बांगड्या करायची लोखंडी सळई घेऊन बाहेर येत आणि शिक्क्याच्या कडा नीट सारख्या करत बसत. मी एकदा जवळ जाऊन बघितलं.

"अक्षराला हात लावला न्हाई, मुनशीजी. निस्त्या कडा. गळून पडला तर म्हनतील, म्याच तोडला."

गल्लीतले म्हणायचे, "मामा, लाख तर तुमच्या हातचा मळ हाय. तोडा शिक्का, उघडा दार, पुन्ना लावून टाका. कुनाच्या बापाला कळतंय?"

मामा सळई फुंकत म्हणाले, "सांधलेली बांगडी नवी म्हनून इकली असती, तर आजवर माडी बांधली असती."

स्वतःचंच दार बंद करणारा शिक्का दर उन्हाळ्यात दुरुस्त करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा राग यायचा. घरी येऊन मंडळींवर चिडायचो. त्या म्हणायच्या, "त्यांच्यावर कशाला चिडता? तोंड उघडायचं होतं तेव्हा उघडलं असतंत तर?" मग मी जेवायचो.

तिसऱ्या वर्षी पेशकार साहेब जातीनं मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले, मला बरोबर घेऊन. शिक्का बघून फार खूश झाले. "क्या बात है! जैसा कल लगाया." मग आतून घर बघणं कायद्यानं भाग होतं. शेरवानी सावरत, चपराशाच्या खांद्यावर पाय देत ते शिडी चढले, आत उतरले. सरूबाईंनी घोंगडी टाकली, गरम धपाटी आणि दही पुढं ठेवलं. पेशकारांनी दोन धपाटी खाल्ली, तिसरं हातात घेतलं आणि मला म्हणाले, "लिखो. मकान बंद आहे. आत कोणी राहत नाही."

माझी लेखणी थांबली. मामा म्हणाले, "आमी हाओत की, साहेब!"

"तुम हो. मैं देख रहा हूँ. मगर आलात कुठून?"

"शिडीवरून."

"शिडी म्हणजे रस्ता न्हाई. दार बंद, शिक्का शाबूत. मग आत मानूस कसा असेल?"

सरूबाई चुलीपासून म्हणाल्या, "मंग धपाटं कुनी केलं?"

"धपाटं लाजवाब हाय, बाई," पेशकार म्हणाले, "पन ते कागदात येत न्हाई." आणि त्यांनी तिसरंही संपवलं. मी लिहिलं, की आत कोणी राहत नाही. खाली सही केली. जाताना पेशकारांना शिडीवर चढवायला त्या न राहणाऱ्या तिघांनीच हात दिला.

मामांना या सगळ्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण त्यांचं दुःख एकच होतं. कौसा लुगडं नेसायला लागली होती. स्थळं येत होती. पाहुणे शिडी बघून बाहेरच थबकत. शेवटी चकलांब्याचं एक घर जुळलं. मुलगा कष्टाळू, घरचं शेत. पण मुलाच्या आईनं स्पष्ट सांगितलं, "आमाला हुंडाबिंडा नगं. फकस्त सून दारातून काडा. भितीवरून मांजर येतं, सून न्हाई." मामांनी "व्हय" म्हणून सुपारी फोडली आणि घरी येऊन दारासमोर बसून राहिले. दोन दिवस बांगड्या भरायला गेले नाहीत. बायांनी रिकाम्या हातांनी वाट बघितली.

भिंत फोडून दुसरं दार काढावं, तर त्याला कचेरीची परवानगी, आणि परवानगी गुलाबरावांनाच मिळणार. तोड काढली ती खाजाभाई गवंड्यानं. तंबाखू मळत तो भिंतीपाशी आला, चौकटीवर थाप मारली आणि म्हणाला, "बे लिंबाजी, शिक्का कुलपाला हाय ना? चौकटीला तर न्हाई? अख्खी चौकटच काढू. दारासकट, कुलपासकट. लगीन झालं की परत बसवून देतो."

मामा तडक माझ्याकडे आले. "मुनशीजी, हुकूम पुन्ना वाचा. आन् ह्या टायमाला समदं सांगा. इच्यारलं न्हाई तेबी."

मी तीनदा वाचला. शिक्का तोडू नये. कुलूप काढू नये. दार उघडू नये. दार हलवू नये, असं कुठंही नव्हतं. मी तसं सांगितलं. आणि न विचारलेलंही सांगितलं, की पेशकारांचं डोकं फिरलं तर खटला होऊ शकतो, मामांवरही आणि वाचून दाखवणाऱ्यावरही. आणि हेही सांगितलं, की मला आष्टीला बदलीचा हुकूम आलाय आणि मी लग्नापुरता थांबलोय.

मामा म्हणाले, "दार उगडत न्हाईच आपुन. निस्तं बाजूला नेतोत." मग थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी आलता साक्षीला, तवा लई हसलता. आता लग्नालाबी हसत या." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी खाजाभाईनं चौकटीभोवतीची माती कोरली. आठ माणसांनी ती उचलली. दोन्ही फळ्या, कुलूप, लाख, त्यावरचं हळदकुंकू, सगळं जसंच्या तसं. पिंपळाखाली दोन बाजूंनी टेकू देऊन दार उभं केलं. पेशकार साहेब फेटा बांधून लग्नाला आले, तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते दाराभोवती एक चक्कर मारून आले. पुढून बघितलं, मागून बघितलं. कुलूप ओढून बघितलं. मग म्हणाले, "दार बंद हाय. शिक्का शाबूत हाय. कचेरीचं काही म्हणणं न्हाई," आणि मांडवात जाऊन बसले. इतका आनंद मला बढतीचा हुकूम आला तेव्हाही झाला नव्हता.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ऊन कलायच्या आत वऱ्हाडाला निघायचं होतं. माझीही गाडी सामान भरून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मंडळी आत बसल्या होत्या. पाठवणीची वेळ झाली तसे मामा लगबगीनं भिंतीपाशी गेले आणि एकदम थांबले. चौकट काढलेली जागा ते सकाळपासून दहा वेळा ओलांडत होते, पण नीट बघितली ती तेव्हाच. दोन्ही बाजूंनी माती ढासळलेली, वर काही नाही, खाली काही नाही.

"ह्ये भोक हाय," मामा म्हणाले. "ह्ये दार न्हवं. भोकातून लेक धाडू व्हय मी?"

वरमाय तोंड वळवून उभी होती. पिंपळाखाली सागवानी दार उन्हात चमकत होतं, पण त्यातून कुणाला जाता येत नव्हतं. पाच वर्षांत मी मामांचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता. सरूबाई आत गेल्या. मूठभर रांगोळी आणली आणि त्या भोकाच्या तळाशी उंबरठ्याची रेघ ओढली. मांडवाच्या खांबाचं आंब्याच्या पानांचं तोरण सोडलं, एक टोक मामांच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं आणि मातीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मामांना कळलं. त्यांनी आतला पाट ओढला, त्यावर चढले, दुसऱ्या बाजूला पाठ टेकली आणि हात उंच केला. एका अंगाला बाप, एका अंगाला आई, वर तोरण, खाली रांगोळी. खाजाभाई गवंडी हळूच म्हणाला, "अब दरवाजा हुआ."

कौसा आली. हिरव्या चुड्यानं हात भरलेले. रेघेपाशी थांबली, वाकून तिनं उंबरठ्याला हात लावला, रांगोळी बोटांना लागली. आईच्या पाया पडली. सरूबाईंनी एक हात सोडून तिला जवळ घेतलं आणि तोरण एकीकडे कललं.

"सरू, सोडू नगंस!" मामा ओरडले.

मग कौसा बापाच्या पाया पडली, आणि पाटावर उभ्या त्या बुटक्या माणसाच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मामा तोरणाचं टोक दोन्ही हातांनी वर धरून उभे. डोळ्यांतून धारा चाललेल्या, त्या पुसायलाही हात मोकळा नाही.

पाटलीणबाई म्हणाल्या, "मामा, पोरीच्या डोस्क्यावर हात तरी ठिवा!"

"कसा ठिवू, आक्का? दार पडंल."

कौसानं वर बघितलं. डोळे पुसले, पदर सावरला आणि तोरणाखालून, रेघेवरून, उजवा पाय पुढं टाकून ती बाहेर गेली. वरमाय दोन पावलं पुढं आली आणि तिनं सुनेचा हात धरला. वाजंत्री वाजायला लागली.

माझ्या गाडीवानानं बैल हाकले. मी मागं तोंड करून बसलो होतो. वऱ्हाडाच्या गाड्या दुसऱ्या वाटेनं धुरळ्यात गेल्या. सरूबाई पदर तोंडाला लावून त्यांच्यामागं धावल्या होत्या. पेशकार पान लावत होते. मामांना मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते असं, की तोरणाचं सरूबाईंच्या हातातलं टोक मातीत पडलं होतं, गल्ली रिकामी झाली होती, आणि मामा पाटावर उभे राहून आपलं टोक अजून तसंच वर धरून होते.